दोन फेऱ्यांचे भाऊ

भाऊ व्यवसायाने धावपटू होते आणि त्यांची बस नेहमी चुकायची.

जळगावच्या बसस्थानकात आम्ही शिरायचो तेव्हा धुळ्याची बस फाटकातून वळत असायची. बाकीचे लोक पिशव्या सांभाळत, चपला फटफटवत तिच्या मागे धावायचे. पोट सुटलेले मास्तर धावायचे, कडेवर मूल घेतलेल्या बाया धावायच्या, आणि त्यांना बस मिळायचीही. भाऊ मात्र खांद्यावरची बॅग नीट करून बाकावर बसायचे.

"भाऊ, तुम्ही चार ढांगांत पकडाल," मी म्हणायचो.

"धंद्याचे पाय आहेत. एसटीमागे झिजवायचे नसतात. न्हावी रस्त्यात उभा राहून फुकट दाढ्या करतो का?"

न्हाव्याचा दाखला मला कधी नीट पटला नाही. पण मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे शहरातल्या माणसाचं म्हणणं पटलं नाही तर चूक आपलीच असेल, असं मी धरून चालायचो. मी भाऊंशेजारी बसायचो आणि आम्ही पुढच्या बसची वाट बघायचो.

मेहरूणला तलावाच्या बाजूला एका घराच्या वरच्या खोलीत आम्ही भाड्याने राहायचो. आधी भाऊ एकटे होते, नंतर मी आलो. माझं वय विशीच्या आतलं, त्यांचं तिशीच्या थोडं पुढचं. मूळचे सावद्याचे. आईवडील केळीच्या कापणीला जायचे, आणि सावद्याच्या माणसाने केळी विकत घेणं हा भाऊंना गावाचा अपमान वाटायचा. महिन्यातून एकदा घरी जाऊन फण्या घेऊन यायचे आणि खिडकीच्या गजांना बांधून ठेवायचे. उन्हाळ्यात सगळी एकदम पिकायची. मग आम्ही दोघे, खालचे घरमालक आणि गल्लीतली सगळी पोरं केळीच केळी खायचो.

भाऊ मधल्या पल्ल्याचे धावपटू, म्हणजे पंधराशे मीटरचे, मैदानाच्या पावणेचार फेऱ्यांचे. हे सांगितलं की समोरचा मान हलवून म्हणायचा, "अच्छा, मॅरेथॉन." आमच्याकडे माणूस पळताना दिसला आणि त्याच्यामागे पोलीस नसले, तर ती मॅरेथॉन. भाऊ मनापासून दुखावायचे.

"शंभर मीटरवाला म्हणजे माथेफिरू," ते मला समजावायचे. "मॅरेथॉनवाला म्हणजे बैरागी, निघाला तो निघाला. संसारी माणूस मधल्या पल्ल्याचाच. त्याला पळायचंही असतं आणि दम राखायचाही असतो."

पण त्यांचा खरा धंदा समजावून सांगणं याहून अवघड होतं. निवड व्हायची तर मुलांना ठरावीक वेळेच्या आत शर्यत पुरी करावी लागते. अशा वेळी पहिल्या दोन फेऱ्या कोणालातरी नेमक्या वेगाने पुढे पळावं लागतं. मागच्यांनी फक्त त्याची पाठ धरायची. डोकं चालवायचं नाही, समोरचा वारा अंगावर घ्यायचा नाही. दोन फेऱ्या झाल्या की पुढचा माणूस आतल्या गवतावर बाजूला होतो आणि मागचे आपापलं नशीब घेऊन पुढे जातात. भाऊ तो पुढचा माणूस. नाशिकचे, पुण्याचे प्रशिक्षक त्यांना फोन करून बोलवायचे, येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन द्यायचे. शर्यतीच्या आधी भाऊ मागच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एकच वाक्य बोलायचे. "वारा मी खातो, पदक तू घे."

याला पेसमेकर म्हणतात. हे मी आमच्या मेसच्या मावशींना सांगितलं, तेव्हापासून त्यांनी भाऊंना वरणावर तूप वाढणं बंद केलं. त्यांच्या दिराच्या छातीत तो बसवलेला होता.

तरुणपणी भाऊही पदकासाठीच पळायचे, असं त्यांनी मला एकदा सांगितलं. दोन फेऱ्या सगळ्यांच्या पुढे असायचे आणि तिसऱ्या फेरीत सगळे त्यांना ओलांडून जायचे. वर्षानुवर्षं हेच. शेवटी एका वयस्कर प्रशिक्षकाने त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "बाळा, तू तिसरी फेरी पळूच नकोस." दुसरा कोणी असता तर बूट जाळून घरी गेला असता. भाऊंना हा सल्ला वाटला. "कैरी गोड लागत नाही म्हणून कोणी फेकतं का?" ते म्हणायचे. "लोणचं घालतात."

त्यामुळे खोलीत एकही पदक नव्हतं. होते ते छातीवर लावायचे कापडी नंबर. भाऊंनी ते स्वतः सुईदोऱ्याने एकमेकांना शिवून खिडकीचा पडदा केला होता. सकाळी ऊन आलं की माझ्या पांघरुणावर उलटे आकडे पडायचे.

धंद्याची सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की रस्त्याने चालतानाही ते माझ्या हातभर पुढे असायचे. मागे न बघता विचारायचे, "आहेस ना?" मी म्हणायचो, "आहे." बाजारातल्या गर्दीत, जिन्यावर, बँकेच्या रांगेत, सगळीकडे तेच. माझ्या पहिल्या परीक्षेच्या दिवशी मला फार धडधडत होतं. भाऊ म्हणाले, "चल, मी आहे पुढे." माझ्यापुढे अर्ध्या रस्त्यापर्यंत चालले, एका चौकात बाजूला झाले आणि टाळ्या वाजवून म्हणाले, "आता तू जा." परीक्षेचं केंद्र दुसऱ्या कॉलेजात होतं आणि मला पुढचा रस्ता माहीत नव्हता. विचारत विचारत गेलो. पोचलो मात्र वेळेवर.

ताईची आणि त्यांची भेट माझ्यामुळे झाली. आमचं गाव पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या अलीकडे. गावातले आबा नात्याने माझे चुलते, आणि ताई त्यांची एकुलती एक मुलगी. धुळ्याला एका दवाखान्यात नर्स होती. एकदा कामानिमित्त जळगावला येताना तिने माझ्या आईने दिलेलं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ आणलं. वर आली, पिठाची पिशवी ठेवली आणि पडद्यासमोर उभी राहिली.

"हे सगळे नंबर तुमचे?"

"हो," भाऊ म्हणाले.

"यातला पहिला नंबर कोणता?"

"पहिला येणारा माझ्या मागे असतो."

मला वाटलं, आता ती हसेल. बहुतेक लोक इथे हसायचे. ताईने पडद्याचं एक टोक उचलून मागची शिवण बघितली. मग म्हणाली, "बरंय. म्हणजे घरात भांडण झालं तर तुम्हाला जिंकायची घाई नसणार."

भाऊ तिला द्यायला केळी सोडत होते. ती फणी त्यांच्या हातात तशीच राहिली.

त्यानंतर धुळ्याच्या मैदानाची माती भाऊंना अचानक फार आवडायला लागली. दर रविवारी सराव धुळ्याला. बस चुकायची ती चुकायचीच, त्यामुळे ठरल्या वेळेला ते कधी पोचले नाहीत. पण ताईची ड्युटीही कधी वेळेवर सुटायची नाही. कदाचित म्हणूनच जमलं असावं. दिवाळीनंतर एक दिवस भाऊ मला म्हणाले, "तू आबांशी बोल. या शर्यतीत पहिल्यांदा तू पुढे हो."

आबा म्हणजे साधी असामी नव्हे. आमच्या गावच्या जत्रेत बारागाड्या ओढणारे भगत ते. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, बैल नसतात, प्रत्येक गाडीत माणसं कोंबून बसतात. आणि हळदीने माखलेला भगत कमरेला दोर बांधून त्या सगळ्या ओढत मंदिरापर्यंत पळतो. मागून लोक ढकलतात हे खरं, पण ते आमच्या गावात कोणी बोलत नाही.

मी ओट्यावर त्यांच्यापुढे बसलो.

"पोऱ्या काय करस?" आबांनी विचारलं.

"पळतो, आबा."

"कोनले पाहीसन?"

मी धंदा समजावला. आबांना मुलगा धट्टाकट्टा आहे, दारू पीत नाही आणि सरकारी मैदानावर पळतो, एवढं आवडलं. पुढच्याच महिन्यात धुळ्याला मोठी खुली स्पर्धा होती. भाऊ पंधराशे मीटरला पुढे पळणार होते. आबा म्हणाले, "दखी लेऊ." एकदा पाहून घेऊ.

मला भीती वाटली. मी म्हणालो, "आबा, आधीच सांगतो. तो पहिला येणार नाही. दोन फेऱ्या पळेल आणि बाहेर निघेल. त्याचं कामच ते आहे."

आबांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "समजनं. चांगलं करं तू. नजर लागस."

आमच्याकडे ज्याचं पीक जोरात असतं तोच 'यंदा काही खरं नाही' म्हणतो. ज्याची म्हैस भरपूर दूध देते तो 'आटली' म्हणतो. मी पुन्हा सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. जितकं सांगावं तितकी आबांची खात्री वाढत गेली. गावात त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, "पोऱ्या काय पहिला येत नही भो," आणि एक डोळा बारीक करायचे. ऐकणाराही डोळा बारीक करायचा. स्पर्धेच्या दिवशी नजर न लागलेलं निम्मं गाव पिकअपमध्ये बसून धुळ्याला निघालं. बायकांनी शेवभाजीचे डबे घेतले होते. हार आबांनी स्वतः, पिशवीत लपवून आणला होता.

शिट्टी झाली आणि भाऊ सुटले. मी त्यांना सरावात पुष्कळ पाहिलं होतं, पण त्या दिवसासारखं नाही. मान स्थिर, खांदे सैल, जणू पाण्यावरून चालले आहेत. मागे नाशिकचा एक काटकुळा मुलगा पाठीला चिकटलेला, त्याच्यामागे बाकीचे दूरवर. पहिली फेरी झाली तेव्हा आमचं गाव उभं राहिलं. दुसरी सुरू झाली तेव्हा गाव शिट्ट्या मारायला लागलं. आबा टोपी काढून हातात घेऊन हलवत होते. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी सांगून टाकलं, "हाऊ मन्हा जावाई."

दुसरी फेरी संपली. भाऊ दोन पावलं आत सरकले, गवतावर गेले आणि उभे राहिले.

आबांची टोपी हवेतच राहिली. एका म्हातारीने पदर तोंडाला लावून विचारलं, "काय व्हयनं? पाय मोडना का?" भाऊंचे पाय चांगले होते. ते कमरेवर हात ठेवून उभे होते, मग टाळ्या वाजवायला लागले, मग गवतावरून त्या काटकुळ्या मुलाला ओरडून काहीतरी सांगायला लागले. मुलगा पहिला आला. त्याला हवी ती वेळही मिळाली असावी, कारण तो रडत भाऊंच्या गळ्यात पडला आणि भाऊंनी त्याला उचललं.

आबा तारेच्या कुंपणावरून उतरून पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याकडे गेले. मी मागे धावलो.

"पोट बिघडनं का?"

"नाही आबा. मस्त झालं. एकदम ठरल्यासारखं."

आबांनी पलीकडे पाहिलं. तिथे प्रशिक्षक त्या मुलाला हार घालत होते.

"तो तुन्हा मांगे व्हता ना?"

"हो, शेवटपर्यंत मागे ठेवला त्याला."

"मंग हार त्याले कसा?"

भाऊंनी फार आनंदाने समजावायला सुरुवात केली. वारा, पाठ, वेग, सगळं. आबांनी अर्ध्यातच बाटलीचं झाकण लावलं.

परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये शेवभाजीचे डबे कोणी उघडले नाहीत. फक्त ताईने मला हळूच विचारलं, "बाहेर निघाल्यावर त्यांनी कोणाकडे पाहिलं? आपल्याकडे की त्या पोराकडे?"

"त्या पोराकडे."

"हं," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली. त्या 'हं'चा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

आबांचा निकाल दुसऱ्या दिवशी लागला. ओट्यावर, चारचौघांत. "पुढे पुढे पळना आनि अर्धामा सोडी दिन्हं. अशा मानूसले पोर कशी देवानी? उद्या दोन लेकरं व्हतीन आनि हाऊ गवतवर जाईसन उभा राही. टाळ्या वाजाडी."

मी हे भाऊंना जसंच्या तसं सांगितलं नाही, थोडं सौम्य केलं. तरी ते दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे नुसती केळी खाल्ली. त्यांना कळत नव्हतं ते एवढंच, की नेमून दिलेलं काम पुरं केल्यावर अर्धवट सोडलं असं कसं म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की आयुष्यात एक तरी शर्यत शेवटपर्यंत पळून दाखवायची.

संधी लगेच आली. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची शर्यत मेहरूण तलावाच्या कडेने होती. तिचं नाव अर्थातच मॅरेथॉन. पोरंटोरं, बँकेतले लोक, साडीवर बूट घातलेल्या मावश्या, सगळे होते. भाऊ सुटले आणि दिसेनासे झाले. मी सायकलवर आडवाटेने पुढे गेलो. अर्ध्या वाटेवर एका चहाच्या टपरीपाशी भाऊ उभे होते. कमरेवर हात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला टाळ्या वाजवत होते.

"भाऊ," मी ओरडलो, "शेवटपर्यंत पळायचं होतं."

त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. चेहरा अगदी उतरला. "अरे, हे आपोआप निघाले बाहेर," ते म्हणाले. "मी नाही काढले."

पुन्हा रस्त्यावर आले, पण एकदा गार झालेले पाय पळेनात. शेवटच्या मावशीच्याही मागे, रुग्णवाहिकेच्या पुढे, अशी त्यांनी ती शर्यत पुरी केली. आबांना पुरावा म्हणून शेवटच्या कमानीखाली फोटो काढायला लावला. मी तो ताईच्या फोनवर पाठवला, तिने आबांना दाखवला. आबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि मागे दोर सोडणाऱ्या माणसांवर बोट ठेवून विचारलं, "हाई लोके मंडप कसाले सोडी राह्यनात?"

फाल्गुन गेला, चैत्र गेला. भाऊ धुळ्याला जाईनासे झाले. रस्त्यात "आहेस ना?" विचारणंही बंद झालं. कधी कधी तर ते माझ्या मागे राहायचे आणि मला कसंतरीच व्हायचं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की आमच्या गावची जत्रा. त्या वर्षी आबांचा गुडघा सुजला होता. भगताच्या दोन्ही बाजूंना दोघे जण त्याला बगलेत धरून पळतात, त्यांना बगले म्हणतात. उजवीकडचा नेहमीचा बगल्या सुरतेला कामाला गेला होता, येणार नव्हता. यंदा भगत बदला, असं पारावर लोक बोलायला लागले. आबांच्या बापाने गाड्या ओढल्या, आज्याने ओढल्या. आबा जेवताना बोलेनासे झाले. अशात एके दिवशी मी त्यांच्याच घरी जेवायला होतो, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं.

ताई भाकरी वाढत म्हणाली, "आबा, बगल्या काय करस?"

"तुले माहीत नही का?"

"तुम्हीच सांगा."

"संगे पळस. तोल देस."

"आनि मंदिर उनं का?"

"बाजूले व्हई जास."

"हार कोनले घालतस?"

आबांनी घास हातातच ठेवला.

"इतला वरीस व्हयनात," ताई म्हणाली, "आपला गावमा कोन्ही म्हनं का, बगल्यानी अर्धामा सोडी दिन्हं?"

मला पाणी हवं होतं, पण मागवेना. आबांनी घास खाल्ला, दुसरा खाल्ला, ताटात हात धुतला. उठता उठता म्हणाले, "बलाव त्याले."

भाऊंनी हे काम ऑलिम्पिकसारखं अंगावर घेतलं. मेहरूणला सराव सुरू झाला. मी आबा झालो. माझ्या कमरेला दोर, दोराला भाजीवाल्याची रिकामी हातगाडी, गाडीत घरमालकांची तीन नातवंडं. भाऊ माझ्या बगलेत हात घालून पळायचे आणि कानाशी बोलत राहायचे, "दम राख, मागच्यांना येऊ दे, दम राख." तलावावर फिरायला येणारे लोक थांबून बघायचे. एका आजोबांनी मला विचारलं, "कॉलेजात रॅगिंग होतं का?"

भाऊंची एकच अट होती. दोराची गाठ ओढताच सुटणारी हवी. आबांच्या घरात पिढ्यान् पिढ्या पक्की गाठ मारायचे. निरोप गेला, आबा चिडले, पण ताई म्हणाली की गाठ मी मारीन, आणि विषय संपला.

जत्रेच्या दिवशी आम्ही बसस्थानकात शिरलो, तेव्हा धुळ्याची बस फाटकातून वळत होती. मी सवयीने बाकाकडे गेलो आणि बॅग ठेवली. शेजारी भाऊ नव्हते. बाहेर येऊन पाहिलं तर पुढच्या चौकात बस उभी होती, भाऊंचा एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, आणि वर्षानुवर्षं त्यांना बाकावर बसलेलं बघणारा कंडक्टर दारात थिजून विचारत होता, "तुम्ही? पळत?"

"आज सुट्टी आहे," भाऊ म्हणाले. मी पोचेपर्यंत त्यांनी पाय खालून वर घेतला नाही.

संध्याकाळी गाड्या जुंपल्या. बाराच्या बारा गच्च भरलेल्या, चाकांवरही पोरं लोंबकळलेली. आबा हळदीने पिवळे, डोळे लाल. ताईने त्यांच्या कमरेला गाठ मारली आणि भाऊंना गाठीचं टोक दाखवलं. भाऊंनी मान हलवली. डावीकडे जुना बगल्या, उजवीकडे भाऊ.

गुलाल उडाला आणि आबा दरवर्षीसारखे एकदम जोरात निघाले. भाऊंनी बगलेतला हात घट्ट केला. मी कडेने पळत होतो, मला ऐकू येत होतं. "आबा, दम राखा. मागच्यांना येऊ द्या." आबांनी एक शिवी दिली, ती लिहीत नाही. पण वेग उतरला. गाड्या एका लयीत कुरकुरायला लागल्या.

गावाच्या मध्यावर पाण्याची टाकी आहे. सगळं गाव त्या टाकीपाशी जमलं होतं. देव मंदिरात होता, पण लोकांचे डोळे भाऊंच्या पायांवर. धुळ्याला आलेली ती म्हातारी पुढच्या रांगेत होती. टाकी आली. तिथे एक चहाची टपरीही होती. भाऊंनी टपरीकडे पाहिलंसुद्धा नाही. टाकी मागे पडली आणि गावाने श्वास सोडल्याचा आवाज मी ऐकला.

मंदिर दिसायला लागलं तसा मागचा जोर वाढला. ढकलणाऱ्यांना भान राहिलं नाही. गाड्या आता आबा ओढत नव्हते, गाड्याच आबांना ढकलत होत्या. दरवर्षी आबा मंदिराच्या पायरीपर्यंत जायचे आणि पायरीला हात लावूनच बाजूला व्हायचे. पायरी थोडीच पुढे होती. तेवढ्यात त्यांचा गुडघा वाकला. पहिल्या गाडीचं जू त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर आलं होतं.

"आता," भाऊ म्हणाले.

एका हाताने गाठ ओढली, दुसऱ्याने आबांना कमरेत धरलं आणि दोन पावलं बाजूला झाले. धुळ्याला झाले होते तशीच, अगदी तशीच दोन पावलं. फक्त इथे गवत नव्हतं, गुळातल्या गोडीशेवेचं दुकान होतं. डावा बगल्या दुसऱ्या बाजूला उडी मारून मोकळा झाला. बाराही गाड्या धडधडत पुढे गेल्या आणि मंदिरापुढच्या वाळूच्या ढिगात रुतून थांबल्या. कोणाला काही लागलं नाही. दुकानदार तेवढा ओरडत होता.

मी पोचलो तेव्हा आबा गोडीशेवेच्या राशीत बसले होते. हळदीवर गूळ चिकटलेला. त्यांनी थांबलेल्या गाड्यांकडे पाहिलं, आपण जिथे पडलो असतो त्या जागेकडे पाहिलं. भाऊ उठून त्यांचा गुडघा चाचपत होते.

"सोडं शेवटी तू," आबा म्हणाले.

"हो आबा," भाऊ म्हणाले. "वेळेवर सोडलं."

लोक हार घेऊन धावत आले आणि आबांच्या गळ्यात घालायला लागले. आबांनी चार-पाच घालू दिले. मग त्यातला एक काढला, भाऊंकडे धरला. भाऊ मागे सरकले. "माझं काम वाऱ्याचं," ते पुटपुटले. आबांनी हार परत स्वतःच्या गळ्यात टाकला, राशीतली मूठभर गोडीशेव उचलून भाऊंच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "मंग हाई तरी खा."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. तो काटकुळा मुलगा नाशिकहून आला होता, आता तो चांगला नावाजला आहे. मेसच्या मावशी आल्या होत्या, त्यांनी भाऊंच्या पानात तूप वाढलं. भाऊ अजूनही धुळे, नाशिक, पुणे करत पुढे पळतात. माझी परीक्षा असली की अजूनही फोन करून अर्ध्या रस्त्यापर्यंत गप्पा मारतात आणि मध्येच ठेवून देतात.

फेऱ्यांच्या वेळी मात्र थोडा खोळंबा झाला. गुरुजींनी उपरण्याची गाठ बांधली आणि सांगितलं, नवरदेवाने पुढे चालायचं, नवरीने मागे. भाऊ जागचे हलेनात. गुरुजींच्या कानाशी वाकून काहीतरी सांगायला लागले. मी मागेच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"हिला पुढे राहू द्या, गुरुजी. मी पुढे असलो तर दोन फेऱ्यांनंतर पाय आपोआप बाहेर निघतात."

गुरुजींनी पोथीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. ताई पुढे झाली. चालता चालता तिने मागे न बघता विचारलं, "आहात ना?"

"आहे," भाऊ म्हणाले.

दुसरा फेरा पूर्ण होत आला, तेव्हा आबा दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून जागेवरून उठले आणि उभे राहिले. तिसरा फेरा झाल्यावर बसले.